सीओटूपासून इथेनॉल: नुसत्या कार्बनच्या कॅटॅलिस्टवर खरंच होतं का?

ग्राफीनवाला: सेमिनारसाठी हा विषय घेतलाय. अमेरिकेच्या ओक रिज लॅबने २०१६ मध्ये नायट्रोजन डोप केलेल्या (म्हणजे थोडा नायट्रोजन मिसळलेल्या) ग्राफीनवर, म्हणजे कार्बनच्या अणूभर जाडीच्या पापुद्र्यावर, वीज देऊन सीओटूचं इथेनॉल केलं, ६३ टक्के, तेही पाण्यात आणि साध्या तापमानाला, असं वाचलं. इतकं सोपं असेल तर अडलंय कुठे? आणि धातू अजिबात न घालता जमतं का?

फॅराडेचा_नातू: अरे, ६३ म्हणजे फॅराडे एफिशियन्सी. शंभर इलेक्ट्रॉन दिले त्यातले ६३ इथेनॉलच्या कामी आले, बास. विजेतली ६३ टक्के ऊर्जा इंधनात उतरली असं नाही. इथेनॉलच्या एका रेणूला १२ इलेक्ट्रॉन लागतात, कार्बन मोनॉक्साइडला दोनच. हिशेब करून बघ, सेलला ३ व्होल्ट धर आणि एफिशियन्सी ५० टक्के, तर किलोभर इथेनॉलला साधारण ४२ युनिट वीज जाते आणि ते जाळून हातात येतात जेमतेम ८. शिवाय २५ अंशाला लिटरभर पाण्यात सीओटू विरघळतो दीडेक ग्रॅम, त्यामुळे करंट वाढवला की हायड्रोजनच सुटत बसतो. आणि हो, त्या ग्राफीनच्या काट्यांवर तांब्याचे नॅनोकण बसवलेले होते, ते विसरू नकोस.

बीकरफोड्या: नुसत्या कार्बनवर गाडी बहुतेक वेळा कार्बन मोनॉक्साइडपाशीच अडते. नायट्रोजनच्या आसपास सीओटू पकडला जातो, दोन इलेक्ट्रॉन घेतो आणि सीओ (कार्बन मोनॉक्साइड) होऊन सुटून जातो. इथेनॉलला दोन कार्बन जोडायचे तर तो सीओ तिथेच टिकायला हवा, ना धड सैल ना धड घट्ट, आणि हे तांब्याला बरं जमतं. राइस विद्यापीठाच्या २०१६ च्या कामात मात्र नायट्रोजन डोप केलेल्या ग्राफीन क्वांटम डॉट्सवर (ग्राफीनचे नॅनोमीटरभर तुकडे) एथिलीन आणि इथेनॉल मिळून ४५ टक्क्यांपर्यंत मजल गेली, ते वाचच. पण 'मेटल-फ्री' शब्द दिसला की मला आधी शंका येते बाबा. ग्राफीन ज्यापासून बनवतात त्या ग्राफीन ऑक्साइडमध्ये तांब्याचा जरा अंश राहिला तरी तांब्याचं काम कार्बनच्या नावावर चढतं, आणि ॲसिडने धुतलं म्हणजे तो सगळा जातोच असं नाही.

ग्राफीनवाला: बरं, पण इथेनॉल सीओटूतूनच आलं, इलेक्ट्रोडच्या कार्बनमधून नाही, हे कळायचं कसं?

बीकरफोड्या: कार्बन-१३ (कार्बनचा जरा जड समस्थानिक) वाला सीओटू सोडायचा आणि प्रोटॉन एनएमआर काढायचा, म्हणजे रेणूतल्या हायड्रोजनचे सिग्नल बघायचे. इथेनॉलच्या मिथाइल गटाचा (CH₃) सिग्नल मधल्या जागेवरून जाऊन दोन्ही बाजूंना फाटलेला दिसला तर माल सीओटूचाच. सोबत सीओटूऐवजी आर्गॉन सोडून तोच प्रयोग करायचा (हाच ब्लँक), त्यातही इथेनॉल दिसलं तर दावा बाद. हसू नकोस, कॅटॅलिस्ट इलेक्ट्रोडवर लावायच्या इंकमध्ये अल्कोहोल असतं, काचेची भांडीही अल्कोहोलने धुतात, तेच एनएमआरमध्ये उगवतं.

फॅराडेचा_नातू: +१. पेपर वाचताना मी आधी सप्लिमेंटरीत (पेपरच्या पुरवणीत) आर्गॉनचा ब्लँक शोधतो, मग टक्केवारी बघतो.