सीहॉर्ससाठी कमी लाईट, कमी फ्लोचा टँक: कोरल कोणते घेऊ? (नाशिक)

गंगापूररोड_आई
नमस्कार मंडळी, गोड्या पाण्याचा माशांचा टँक सहा वर्षं सांभाळलाय, खाऱ्या पाण्याचा पहिल्यांदाच लावलाय. २४ बाय १८, उंची २० इंच, म्हणजे साधारण १४० लिटर. लाईव्ह रॉक (उपयोगी बॅक्टेरिया असलेला समुद्री दगड) टाकून तीन महिने झाले, अमोनिया नायट्राइट शून्य येतंय. लेकीला सीहॉर्स (समुद्री घोडा) हवाय. शाळेत ऐकून आली की त्यांच्यात बाबा पिल्लं पोटातल्या पिशवीत वाढवतो, तेव्हापासून रोज तोच विषय. पाण्याचा जोर नको असं वाचलं म्हणून वेव्हमेकर (पाणी फिरवणारा पंप) अगदी हळू ठेवलाय, लाईटही साधीच आहे. यात कोणते कोरल (प्रवाळ) जगतील? एका दुकानदाराने सी फॅन आणि टॉर्च कोरल सुचवलंय आणि सीहॉर्सची जोडी पण "आणून देतो" म्हणाला. घेऊ का?

खारंपाणी_सिडको
ताई थांबा, त्याला ॲडव्हान्स देऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सगळे सीहॉर्स आणि त्यांचे भाऊबंद पाईपफिश २००१ मध्ये अनुसूची १ मध्ये घातले, म्हणजे वाघाच्या रांगेत. सी फॅन, ब्लॅक कोरल आणि सगळे दगडी कोरल पण तेव्हाच त्या यादीत आले, आणि टॉर्च हे दगडीच. शिवाय टॉर्चचे लांब हात डंख मारतात, सीहॉर्स शेपटीनं जे दिसेल ते धरतो, त्यामुळे ही जोडी कुठल्याच देशात कुणी एकत्र ठेवायला सांगणार नाही.
कायदा बाजूला ठेवला तरी ते जनावर फार नाजूक आहे हो. त्याला जठरच नसतं, दिवसातून दोन-तीनदा मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) भरवावं लागतं. पाणी २२-२४ अंशांच्या वर गेलं की व्हिब्रियोसारखे बॅक्टेरिया धरतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात चाळीशीला टेकतं. आपल्या किनाऱ्यावर हे बिचारे आधीच कोळंबीच्या ट्रॉलर जाळ्यात सापडून मरतात, त्यात आपल्या हौसेची भर नको. मनापासून सांगतोय, राग मानू नका.

गंगापूररोड_आई
राग कसला दादा, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याला आत्ताच नाही म्हणून कळवलं. पण टँक तर तयार आहे, लेकीला काय सांगू?

मश्रूमवाली_पंचवटी
ताई टँक अजिबात मोडू नका, कमी लाईट कमी फ्लोमध्ये सॉफ्ट कोरल (दगडी सांगाडा नसलेले) इतके छान होतात! सुरुवात मश्रूम कोरलने करा, डिस्कोसोमा मागा, लाल किंवा निळा. दगडाला ग्लूने चिकटवायला जाऊ नका, बुळबुळीत असतो, सुटून पंपात जातो. मी प्लॅस्टिकच्या वाटीत दगडाचे बारीक तुकडे घालून त्यावर मश्रूम ठेवला, वर जाळी बांधली आणि वाटी खाली कोपऱ्यात ठेवून दिली, आठवड्याभरात एका खड्याला धरून बसला, मग तो खडाच उचलून चिकटवला. लाईट जास्त झाली तर आकसतो, हवी तेवढी मिळाली की बशीसारखा पसरतो, तुम्हालाच कळेल.
दुसरा केनिया ट्री, फांद्या गाळून स्वतःच वाढतो. झोआ (छोट्या फुलांच्या झुपक्यासारखे दिसणारे) मधल्या उंचीवर लावा, पण ग्लोव्ह्ज आणि चष्मा घालूनच हात लावायचा, त्यात पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असू शकतं, आणि झोआचा दगड गरम पाण्यात कधीच टाकायचा नाही, वाफेनं सुद्धा माणूस आजारी पडतो. मुलगी आहे घरात म्हणून मुद्दाम सांगतेय. ग्रीन स्टार पॉलिप घेतलंत तर वेगळ्या सुट्ट्या दगडावर ठेवा, नाहीतर त्याची जांभळी चटई सगळं व्यापते. जे घ्याल त्याचं पक्कं बिल मागा, समुद्रातून उपटलेलं नको.
आणि कमी फ्लो म्हणजे साचलेलं पाणी नाही. दगडामागे घाण बसत असेल तर वेव्हमेकरचं तोंड काचेकडे वळवा, पाणी आपटून हळू फिरतं.

खारंपाणी_सिडको
+१. उन्हाळ्यात पाण्यावर पंखा लावा, दोन-तीन अंश उतरतात, फक्त उडालेलं पाणी रोज आरओच्या पाण्याने भरा, मिठाच्या नाही. लाईट गेली तर बॅटरीचा एअर पंप हवाच.

मश्रूमवाली_पंचवटी
आणि लेकीसाठी बंगाई कार्डिनल! इंडोनेशियातल्या बंगाई बेटांचा मासा, शांत पाण्यात एका जागी तरंगत राहतो, काळे पट्टे, पांढरे ठिपके. त्यांच्यातही बाबाच! मादीने दिलेली अंडी नर तोंडात धरतो, पिल्लं फुटली तरी काही दिवस तोंडातच, जवळपास महिनाभर काही खात नाही. माझ्याकडच्या नराचा जबडा खालून फुगला आणि मायसिस समोरून गेलं तरी तोंड उघडेना, तेव्हा कळलं. फक्त टँकमध्ये वाढवलेलेच मागा, समुद्रातले संकटात आहेत. जमलेली जोडीच घ्या, तिसरा टाकला की मारामारी.

गंगापूररोड_आई
ताई हे वाचून दाखवलं तिला. पहिला प्रश्न, "मग बाबांना भूक नाही लागत?" आता मश्रूमची वाटी तीच तयार करणार म्हणतेय. रविवारी आधी मश्रूम, मासे महिनाभराने.