पाच पैशांचं तिकीट आणि १ कोटी पाहुणे

जुनी पेटी: माळा आवरताना आजोबांच्या नावाचं डिसेंबर १९७१ चं पाकीट सापडलं. नेहमीच्या तिकिटाशेजारी कुटुंब नियोजनाचं पाच पैशांचं तिकीट, त्यावर काळ्या शाईत 'रेफ्यूजी रिलीफ'. वेगळं तिकीट निघेपर्यंत हाताशी होतं तेच शिक्के मारून चालवलं (कुटुंब नियोजनाचंच सापडावं, ही गंमत!). पूर्व पाकिस्तानातून आलेल्या सुमारे १ कोटी लोकांसाठी पत्रामागे पाच पैसे जादा. तेव्हा आपण घासातला घास दिला, वर सैन्यही पाठवलं. आज निर्वासित म्हटलं की कुंपणाच्या गोष्टी. मन आटलं का आपलं?

सावध: मनाचं काय घेऊन बसलात? पाच पैसे सक्तीचे होते, आजोबांना कोणी विचारलं नव्हतं. आणि ही माणसं परत जाणार, हे इंदिरा गांधी सुरुवातीपासून सांगत होत्या. त्रिपुराची वस्ती साडेपंधरा लाख, तिथे आले १४ लाखांच्या आसपास. औदार्य तिथल्या माणसाला विचारा. सैन्याचं म्हणाल तर लीबिया बघा. २०११ मध्ये नागरिकांना वाचवायला म्हणून नाटोची विमानं गेली. तिथला हुकूमशहा गद्दाफी मेला, देशाची शकलं झाली. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत त्यासाठी ठराव झाला, त्यावर भारत तटस्थ राहिला, बरं झालं.

जुनी पेटी: लीबियात वरून बॉम्ब टाकले आणि वाऱ्यावर सोडलं. आपण १६ डिसेंबरला ढाका घेतलं, मार्चमध्ये सैन्य परत. निर्वासितही बहुतेक गेले.

सावध: हे आज कळतंय. ७ डिसेंबर १९७१ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युद्धबंदी आणि सैन्यमाघारीच्या बाजूने १०४ मतं, विरोधात आपल्यासकट ११. जगाला आपणही घुसखोरच वाटलो होतो.

मूलचेरावाला: मध्येच बोलतो. आमच्या गडचिरोलीत ७१ च्या आधी पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाल्यांच्या वस्त्या आहेत. ते परत गेले नाहीत. सरकारने जमिनी दिल्या, त्यांनी धान पिकवला. बाजारात त्यांच्याकडून मासळी घेताना कोणी निर्वासित म्हणत नाही. जातीच्या दाखल्याचं निघालं की लगेच 'बाहेरचे'. त्यांच्यातल्या नमःशूद्रांची जात बंगालमध्ये अनुसूचित जातीत, इथे नाही. आणि जंगल-जमिनीवरून माडिया-गोंडांची तक्रार आहे, तीही खोटी नाही.

सावध: म्हणजे माझंच म्हणणं. तुम्हालाही कोणी विचारलं नव्हतं.

मूलचेरावाला: नव्हतं. विचारलं असतं तर आमचे आजोबा नाहीच म्हणाले असते. आता आमच्या बांधीतली चिखलणी बंगाली शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरने होते, आणि भाड्यावरून दरवर्षी भांडण होतं. मराठीत.