बॅलरॅट : नाटकघर, घोड्यांचा कोच आणि हॉटेल एकमेकांना इतके चिकटून का होते?

माळरान यांचा प्रश्न

सप्रेम नमस्कार. आजच्या ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया वसाहतीत ऑगस्ट १८५१ मध्ये बॅलरॅट येथे सोने सापडले आणि काही वर्षांतच तंबूंच्या वस्तीचे शहर झाले. या शहराचा इतिहास वाचताना एक गोष्ट वारंवार समोर येते. नाटकाचे वर्णन आले की शेजारच्या हॉटेलचे नाव येते आणि प्रवासाचे वर्णन आले की कोच एखाद्या हॉटेलच्या दारातूनच सुटतो किंवा दारातच थांबतो. हा केवळ जागेचा योगायोग होता, की हे तीन व्यवसाय खरोखरच एकमेकांवर जगत होते? रेल्वे आल्यावर या संबंधाचे काय झाले, हेही जाणकारांनी सांगितल्यास आभारी राहीन.

जुनी_पाने यांचे उत्तर

माझ्या मते हा योगायोग मुळीच नव्हता. या तिघांच्या मध्यभागी हॉटेल होते. खाणीवरचा माणूस दिवसभर चिखलात राबून संध्याकाळी तंबूत परतत असे. दिवा, ऊब, मद्य, वर्तमानपत्र आणि चार माणसांची सोबत या सगळ्या गोष्टी त्याला एकत्र मिळत त्या हॉटेलातच. नाटकाच्या तिकिटावर हॉटेलमालकाला थोडेच सुटले तरी चालत असे, कारण प्रयोगाच्या आधी, मध्यंतरात आणि नंतर होणारी मद्यविक्री हेच त्याचे खरे उत्पन्न होते. त्यामुळे हॉटेलला लागून रंगमंच बांधणे हा त्याच्या दृष्टीने धंद्याचाच भाग होता.

मेन रोडवरील युनायटेड स्टेट्स हॉटेल आणि त्याला लागून असलेले व्हिक्टोरिया थिएटर हे याचे ठळक उदाहरण आहे. फेब्रुवारी १८५६ मध्ये युरोपभर गाजलेली नर्तकी लोला माँटेझ हिचे प्रयोग तेथे झाले. ‘बॅलरॅट टाइम्स’चा संपादक हेन्री सीकँप याने तिच्याविषयी प्रतिकूल मजकूर छापल्यावर तिने त्याच हॉटेलात त्याला चाबकाने मारले. हा प्रसंग बहुतेक लेखक केवळ चटकदार किस्सा म्हणून सांगतात, पण मला त्यातील जागा महत्त्वाची वाटते. नर्तकी, संपादक आणि प्रेक्षक हे सगळे एकाच इमारतीच्या आसऱ्याने वावरत होते, म्हणून भांडणही तेथेच झाले. चार्ली नेपियर हॉटेलातील सभागृहात चार्ल्स थॅचर हा गायक गावातील ताज्या घटनांवर रचलेली गाणी लोकांच्या परिचयाच्या चालींवर म्हणत असे. आदल्या आठवड्यात आपल्यासमोर घडलेले गाण्यात ऐकायला मिळते म्हटल्यावर खाणकामगार गर्दी करणारच.

हॉटेलमालकाचे वजन किती होते, हे युरेका हॉटेलच्या प्रकरणावरून कळते. ऑक्टोबर १८५४ मध्ये जेम्स स्कोबी या खाणकामगाराचा त्या हॉटेलजवळ खून झाला. मालक जेम्स बेंटली याला स्थानिक न्यायाधीशांनी प्रथम निर्दोष सोडले आणि त्यांच्याशी असलेल्या सलगीमुळेच तो सुटला, अशी लोकांची खात्री झाली. १७ ऑक्टोबरला जमावाने हॉटेल जाळले. पुढे ३ डिसेंबर रोजी युरेका तटबंदीवर बंडखोर खाणकामगार आणि सरकारी सैन्य यांच्यात जो रक्तपात झाला, त्याआधीच्या असंतोषात या जळलेल्या हॉटेलचा वाटा मोठा आहे.

घाटवाट यांचे उत्तर

वरील विवेचन मला मान्य आहे, परंतु त्यात कोचची बाजू राहून गेली आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

कॉब अँड कंपनी ही फ्रीमन कॉब आणि त्याचे तीन अमेरिकन सहकारी यांनी उभी केली. ३० जानेवारी १८५४ रोजी त्यांचा पहिला कोच मेलबर्नमधील क्रायटेरियन हॉटेलपासून सोन्याच्या खाणींकडे निघाला. म्हणजे आरंभच हॉटेलच्या दारातून झाला. त्यांचे वैशिष्ट्य होते ते अमेरिकेतील काँकर्ड पद्धतीच्या गाड्या. पोलादी स्प्रिंगांच्या गाड्या त्या काळच्या खड्डेमय वाटांवर मोडत असत, तर काँकर्ड गाडीचा सांगाडा जाड चामड्याच्या पट्ट्यांवर तोललेला असल्यामुळे तो पुढेमागे झुलत असे आणि धक्का सहन करीत असे. प्रवाशांचे अंग आंबून जाई, पण गाडी मुक्कामी पोहोचत असे. ठरावीक अंतरावर घोडे बदलले जात आणि हे बदलण्याचे ठिकाण पुष्कळदा वाटेवरचे हॉटेलच असे, कारण तबेला, चारा आणि प्रवाशांसाठी गरम जेवण या तिन्हींची सोय तेथे आधीपासून असे.

एका बाबतीत मात्र सावध राहावे. नट आणि गायक या कोचमधून येत असले, तरी कंपनीचा मोठा आधार सरकारी टपालाची कंत्राटे होती. करमणूक हा त्या वाहतुकीचा लाभार्थी होता, कारण नव्हे.

तिन्ही धंदे एकत्र पाहायचे असतील, तर १८६१-६२ चा इंग्लंडच्या क्रिकेट संघाचा पहिला ऑस्ट्रेलिया दौरा पाहावा. तो भरवला स्पायर्स आणि पाँड या भागीदारांनी. मेलबर्नच्या थिएटर रॉयलमधील ‘कॅफे दी पारी’ हे उपाहारगृह ते चालवीत असत. आधी त्यांनी चार्ल्स डिकन्स यांना जाहीर वाचनासाठी बोलावले होते. ते जमले नाही, म्हणून क्रिकेटपटू आणले. एच. एच. स्टीफन्सन यांचा हा संघ बॅलरॅटलाही खेळला. संघाला नेणाऱ्या मोठ्या कोचला बारा करडे घोडे जुंपले होते आणि लगाम होता ‘कॅबेज ट्री नेड’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या एडवर्ड डिव्हाइन याच्या हाती. अशा वेळी गावकऱ्यांच्या दृष्टीने कोचचे आगमन हाच एक प्रयोग होता.

माळरान

दोघांचेही मनःपूर्वक आभार. रेल्वेबद्दल कोणी सांगू शकेल काय?

रूळ_आणि_रंगमंच यांचे उत्तर

जीलाँग बंदर ते बॅलरॅट हा लोहमार्ग १८६२ मध्ये सुरू झाला. मेलबर्न ते जीलाँग रेल्वे १८५७ पासूनच होती, त्यामुळे प्रवासी आता बंदराच्या बाजूने वळसा घालून का होईना, पण रुळांवरून येऊ लागले. थेट मार्ग पूर्ण व्हायला १८८९ उजाडले. कॉब अँड कंपनी रेल्वेपुढे थांबली नाही, तर जेथे रूळ नव्हते तिकडे सरकत गेली. १८६१ मध्ये ती जेम्स रदरफर्ड आणि त्याच्या भागीदारांकडे आली, पुढच्याच वर्षी तिचे मुख्य ठाणे न्यू साउथ वेल्समधील बॅथर्स्टला हलले आणि तिचा शेवटचा कोच क्वीन्सलँडमध्ये १९२४ साली धावला.

नाटकघर हॉटेलपासून सुटे होण्याची प्रक्रिया मात्र रेल्वेच्या थोडी आधीच सुरू झाली होती, असे मला वाटते. मेन रोडवरील लाकूड आणि कापडाच्या इमारतींना वारंवार आगी लागत आणि सखल भागात पुराचे पाणीही शिरे. शहराचा पैसा हळूहळू स्टर्ट स्ट्रीटच्या उंचवट्याकडे गेला. तेथील थिएटर रॉयलची कोनशिला १८५८ मध्ये नट जी. व्ही. ब्रूक यांनी बसवली. १८७५ मध्ये लिडियर्ड स्ट्रीटवर अकॅडमी ऑफ म्युझिक उघडली आणि ‘हर मॅजेस्टीज’ या नावाने ती अजून चालू आहे. मोठ्या नाटकमंडळ्या सामानासह आगगाडीने येऊ लागल्यावर एवढी वास्तू भरणे शक्य झाले.

हॉटेलांनीही आपले रूप बदलले. थॉमस बाथ याने १८५३ मध्ये काढलेले हॉटेल १८५७ मध्ये वॉल्टर क्रेग याने घेतले आणि ते क्रेग्ज हॉटेल म्हणून नावारूपाला आले. राणी व्हिक्टोरियाचे पुत्र राजपुत्र आल्फ्रेड १८६७ मध्ये बॅलरॅटला आले, तेव्हा येथेच उतरले होते. कवी ॲडम लिंडसे गॉर्डन याने याच हॉटेलमागचा भाड्याच्या घोड्यांचा तबेला काही काळ चालवला.

मराठी वाचकांना रुचेल असा एक धागा सांगतो. मार्क ट्वेन ऑक्टोबर १८९५ मध्ये व्याख्यान दौऱ्यात बॅलरॅटला होते आणि तोच दौरा जानेवारी १८९६ मध्ये मुंबईत पोहोचला, तेव्हा ते वॉटसन हॉटेलात उतरले. त्याच वॉटसनमध्ये ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखवली गेली. मुंबईत नाटकघरे केव्हाच स्वतंत्र झाली होती, तरीही नव्या करमणुकीला पहिला आसरा हॉटेलनेच दिला, याची येथे मुद्दाम नोंद करतो.

आपण मेलबर्नकडे गेलात, तर बॅलरॅटचा लिडियर्ड स्ट्रीट पायी अवश्य पाहावा. रेल्वे स्थानक, क्रेग्ज आणि हर मॅजेस्टीज ही तिन्ही त्याच रस्त्यावर आहेत.