इंदोरात मोठ्या शोरूममध्ये भाव करतात का? फ्रिज, मशीन, टीव्ही, एसी एकदम घ्यायचंय

सुदामानगरची_सून

नमस्कार मंडळी. नव्या फ्लॅटचा ताबा मिळालाय आणि आता सगळं सामान एकदमच घ्यायचंय, डबल डोअर फ्रिज, फ्रंट लोड वॉशिंग मशीन, ४३ इंची टीव्ही आणि बेडरूमसाठी दीड टनाचा एसी. दीड लाखाच्या आत बसवायचा विचार आहे.

प्रश्न असा की आमच्या सासूबाई सीतलामाता बाजारात साडीचा भाव असा काही उतरवतात की दुकानदारच पाणी मागतो, पण चकाचक शोरूममध्ये शिरलं की आम्ही सगळे गप्प. यांचं म्हणणं तिथे भाव फिक्स असतो, विचारलं तर माणसं हसतील. विजयनगरला एका मोठ्या शोरूममध्ये मी हळूच विचारलं तर पोरगा म्हणाला "मॅडम ये तो सिस्टम का प्राइस है". जेल रोडला गेलो तर तिथले सेठ भाव सांगायलाच तयार नाहीत, "आप पसंद तो करो, भाव की बात बाद में". म्हणजे एकीकडे भाव हलत नाही आणि दुसरीकडे भावच नाही!

खरंच कमी होतं का? सुरुवात कशी करायची? कॅश दिली तर फरक पडतो का? आणि ते नो कॉस्ट ईएमआय घ्यावं का? जरा सविस्तर सांगा.

काउंटरमागचा

ताई, मी बरीच वर्षं अशाच दुकानात काउंटरच्या त्या बाजूला उभा होतो त्यामुळे सांगू शकतो, कमी होतं, सगळीकडे होतं, फक्त कोणाला विचारायचं ते कळलं पाहिजे.

शोरूममध्ये कंपनीचा टी-शर्ट घातलेली जी पोरं असतात ना ती बहुतेक वेळा दुकानाची नसतातच, कंपनीने बसवलेली असतात. त्यांचं काम आपल्या ब्रँडचा माल विकणं, शेजारच्या ब्रँडच्या चार खोड्या सांगणं. भाव त्यांच्या हातात नाही. त्यांच्याकडून माहिती घ्या, मशीन उघडून दाखवायला लावा, पण पैशांची गोष्ट फ्लोअर मॅनेजरशी. सिस्टममध्ये एक भाव दिसतो हे खरं आहे, पण त्या भावाच्या खाली मॅनेजरला थोडी मोकळीक असते आणि त्याच्याही खाली जायचं असेल तर तो आत जाऊन फोन करतो. तो फोन करायला उठला की समजा काम होणार.

आता मॅनेजर कमी का करतो? डीलरला कंपनीचं महिन्याचं नाहीतर तिमाहीचं टार्गेट असतं, ते गाठलं की कंपनी नंतर क्रेडिट नोट देते. म्हणजे समोरच्या बिलावर फार काही सुटलं नाही तरी मागून पैसा येतो. त्यामुळे महिन्याच्या शेवटच्या दोन-चार दिवसांत टार्गेटला थोडे नग कमी पडत असतील तर तो तुम्हाला परत जाऊ देणार नाही. आणि तुमच्याकडे चार वस्तूंची यादी आहे, हे तुमचं सगळ्यात मोठं हत्यार आहे. एकेकाचा भाव करत बसू नका. चारही मॉडेल नंबर एका कागदावर लिहा आणि विचारा, सगळं एका बिलावर, घरपोच, बसवून, एकूण किती? फ्रिजवर त्याला फारसं सुटत नसेल तर टीव्हीत सोडेल, तो त्याचा हिशोब, आपण फक्त खालचा आकडा बघायचा.

एमआरपीवर ४० टक्के सूट वगैरे बोर्डाकडे बघूच नका. एमआरपी म्हणजे सगळे कर धरून जास्तीत जास्त किंमत, त्याच्यावर विकणं गुन्हा, खाली कितीही विका. टीव्ही-फ्रिजची एमआरपी मुळातच इतकी वर छापलेली असते की त्या भावाने कोणी घेतच नाही. तुलना करायची ती दुसऱ्या दुकानाच्या शेवटच्या भावाशी आणि ऑनलाइनच्या भावाशी, तेही मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवून. एका अक्षराच्या फरकाने मॉडेल वेगळं होतं आणि सेल्सवाला तिथेच धरतो तुम्हाला.

मावशी_खातीपुरा

अगं लाज कसली त्यात, पैसे आपले आहेत. मी तर सराफ्यापासून बर्तन बाजारापर्यंत कुठेच पहिला भाव दिलेला नाही, देणारही नाही.

माझं ऐक, श्राद्धपक्षात जा. सोळा दिवस अर्धं इंदोर नवीन वस्तू घेत नाही, दुकानदार माश्या मारत बसलेला असतो आणि पुढे नवरात्र-दिवाळीचा माल ठेवायला जागा करायची असते. तुला चालत असेल तरच हो, घरच्यांना विचार आधी. नाही चालत तर निदान रविवारी संध्याकाळी जाऊ नकोस, मधल्या वारी दुपारी जा. एसी तर ऐन मे महिन्यात अजिबात घेऊ नये, तेव्हा तोच आपल्याला भाव सांगतो आणि वर बसवणारा माणूस आठ दिवस येत नाही.

आणि दुसरं, पैसे कमी करत नसेल तर वस्तू माग. फ्रिजचं स्टँड, मशीनचं कव्हर, एसीचा स्टॅबिलायझर. पैशाला नाही म्हणणारा माणूस वस्तूला नाही म्हणत नाही.

हिशोबी_भिया

मावशी बाकी सगळं मान्य पण वस्तूंचं नाही पटलं. कव्हर आणि स्टँडवर जी किंमत छापलेली असते ती बघून आपल्याला वाटतं हजार रुपये वाचले, दुकानदाराला ते कितीला पडतं ते तोच जाणे. आधी पैसे शेवटपर्यंत उतरवून घ्यायचे, आणि बिल बनायच्या अगदी आधी स्टॅबिलायझर मागायचा. आधी मागितला तर तोच भावात धरतात.

वहिनी, ईएमआयचं सांगतो. नो कॉस्ट म्हणजे बँक व्याज सोडते असं नाही. बँक व्याज घेतेच, तेवढी रक्कम कंपनी किंवा दुकान आधी डिस्काउंट म्हणून वजा करतं, मग हप्त्यात ते व्याज भरलं जातं आणि बेरीज मूळ किमतीएवढी दिसते. वरून प्रोसेसिंग फी असते, आणि क्रेडिट कार्डावर घेतलं तर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी तुमच्या बिलात येतो. आता यातली गंमत बघा, जर कंपनी तुमचं व्याज भरायला तयार आहे तर एकदम पैसे देणाऱ्याने तेच पैसे कमी करून मागायला काय हरकत आहे? "ईएमआय नहीं चाहिए, उसका जो आपको लगता है वो बिल में कम कर दो" एवढं वाक्य पुरतं. दरवेळी पूर्ण मिळेलच असं नाही कारण काही स्कीममध्ये तो पैसा फक्त फायनान्सवरच मिळतो, पण विचारल्यावर काहीतरी हलतंच.

कॅशचा पूर्वीइतका फरक राहिला नाही. कार्डावर दुकानदाराला बँकेला टक्का द्यावा लागतो म्हणून तो "कार्ड पे दो परसेंट लगेगा" म्हणतो. बँक खात्यातून साधं यूपीआय केलं तर २०२० पासून त्याला शुल्क नाही, म्हणजे त्याच्यासाठी ते कॅशसारखंच. हे बोलून दाखवा. फक्त यूपीआयची दिवसाची मर्यादा साधारण १ लाख असते, दीड लाखाचं बिल असेल तर दोन खात्यांतून करा नाहीतर एनईएफटी करा, आरटीजीएसला तर २ लाखांच्या खाली घेतच नाहीत. आणि "बिना बिल के ले जाओ, सस्ता पड़ेगा" म्हणाला तर सरळ उठा. पक्कं बिल नाही तर वॉरंटीला कोण विचारतो.

जीएसटीची पण एक पुडी सोडतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसी आणि ३२ इंचाच्या वरचे टीव्ही २८ वरून १८ टक्क्यांवर आले हे खरंय. पण फ्रिज आणि वॉशिंग मशीन २०१८ पासूनच १८ वर आहेत. त्यामुळे फ्रिजपाशी उभं राहून कोणी म्हणाला की जीएसटी घटल्यामुळे आम्ही ऑलरेडी कमी केलंय, तर गोड हसा आणि पुढे बोला.

सुदामानगरची_सून

बापरे, तुम्ही तर क्लासच घेतला! मावशी, श्राद्धपक्षाचं सासूबाईंना विचारायची माझी हिंमत नाही, तुम्हीच येऊन विचारा 😀

काउंटरदादा, एक सांगा, डिस्प्लेला लावलेला पीस स्वस्तात देतो म्हणाले टीव्हीचा, घ्यावा का? आणि एसीचं एका दुकानात म्हणाले की हा जुना स्टॉक आहे म्हणून कमी, ५ स्टार आहे. काही गडबड तर नाही?

काउंटरमागचा

डिस्प्लेचा टीव्ही मी तरी घेणार नाही, सकाळपासून रात्रीपर्यंत फुल ब्राइटनेसवर चाललेला असतो तो. फ्रिज किंवा मशीनचा डिस्प्ले पीस चालेल कारण तो नुसता उभा असतो, फार तर एखादा ओरखडा. पण मग सूट घसघशीत हवी आणि वॉरंटी बिलाच्या तारखेपासून हे बिलावर लिहून हवं.

एसीत गडबड म्हणजे अशी की स्टारचे निकष बीईई, म्हणजे स्टार लेबल ठरवणारी सरकारी संस्था, मधून मधून कडक करते. १ जानेवारी २०२६ पासून एसीचे बदलले, तेव्हा जुन्या लेबलवरचा ५ स्टार नव्या हिशोबाने ४ स्टारच्या घरात जातो. लेबलवर त्याचा कालावधी छापलेला असतो, आणि बॉक्सवर बनवल्याचा महिना-वर्ष. एसी खराब नसतो हो, तोच एसी आहे, वीजही तेवढीच खाणार. पण तुम्ही त्याला ४ स्टारच्या भावाने मागायचं, ५ च्या नाही. लेबलवरचे वर्षाचे युनिट दोन्हीचे बाजूबाजूला ठेवून बघा, बोलायला मुद्दा मिळतो. जुना स्टॉक दुकानदाराला गोदामात नकोच असतो, तिथे तुम्ही सांगाल त्याच्या बरंच जवळ तो येतो.

एक्स्टेंडेड वॉरंटीचा फॉर्म न विचारता बिलात घालतात कधी कधी, त्यात दुकानाला चांगला पैसा असतो. नको असेल तर काढायला लावा, आणि हवीच असेल तर तिचाही भाव करा. दहा वर्षं वॉरंटी म्हणतात ती बहुतेक वेळा फक्त कॉम्प्रेसरची असते.

लोकमान्यनगर_जुना

सगळ्यांचं वाचलं. मी थोडं उलट बोलतो, चालेल ना.

एवढं पिळून घेऊ नका की तो माणूस नंतर तुमचा फोन उचलणार नाही. आम्ही जेल रोडवर एकाच दुकानातून वडिलांच्या वेळेपासून घेतो, भाव शोरूमपेक्षा चार-पाचशे जास्तही असेल कधी, पण फ्रिज बंद पडला की सेठ स्वतः कंपनीत फोन लावतो आणि दुसऱ्या दिवशी माणूस दारात. शोरूममध्ये तुम्ही बिल केलं की तुम्ही कस्टमर केअरचे झालात, बसा एक दाबा दोन दाबा करत. त्यामुळे मी काय करतो, बाहेरचा सगळ्यात कमी भाव काढतो आणि सेठला सांगतो, इतका मिळतोय, तुम्ही याच्या आसपास या, माझी इच्छा तुमच्याकडूनच घ्यायची आहे. खोटा भाव सांगायचा नाही मात्र. त्यांना सगळ्यांचे भाव माहीत असतात, एकदा फेकलेलं पकडलं गेलं की मग तो फक्त मजा बघतो.

सोन्याचा विषय नव्हता पण मावशींनी सराफा काढला म्हणून, तिथेही तसंच आहे. सोन्याच्या रेटवर कोणी काही सोडत नाही, तो जगजाहीर असतो, बोलायचं ते घडणावळीवर. लोक उगाच रेटवर वाद घालतात आणि घडणावळ निमूट देतात. आणि दागिन्यावर सहा अक्षरी एचयूआयडी (हॉलमार्कचा नंबर) बघितल्याशिवाय पैसे काढू नका, मोबाइलवर बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकून बघता येतो. बाकी सराफ्यात भाव करून दमलं की रात्री तिथेच भुट्ट्याचा कीस आहेच.

मावशी_खातीपुरा

जुना भिया बरोबर बोलले. पण चार-पाचशे जास्त मी नाही देणार बाबा 😄 सेठला म्हणायचं, फोन तर तुम्ही उचलणारच, पैसेही कमी करा.

सूनबाई, यांना घरी ठेवून जा. आमचे हे तर भाव चालू असताना "चल ना, झालं की आता" म्हणतात आणि सगळं पाणी फिरतं. दोघं गेलात तर आधीच ठरवून जा की एकाला पसंत आहे आणि दुसऱ्याला महाग वाटतंय.

सुदामानगरची_सून

हे तर यांना जन्मजात जमतं, महाग वाटायचं काम त्यांच्याकडे देते. कागद तयार केलाय, चारही मॉडेल नंबर लिहिले. महिनाअखेरीला आधी विजयनगर, मग तो आकडा घेऊन जेल रोड. अजून काही राहिलं असेल तर सांगा.

हिशोबी_भिया

एसीचं बसवणं त्या एकूण आकड्यात धरलंय ना ते विचारा वहिनी. एसी घासाघीस करून दोन हजारांनी उतरवायचा आणि मग बसवणारा येऊन तांब्याच्या पाइपचे मीटरने पैसे, बाहेरच्या युनिटचं स्टँड, भिंतीला भोक, सगळं वेगळं मोजतो. पाइप साधारण तीन मीटर सोबत येतो, तुमच्या बेडरूमपासून बाहेरच्या युनिटची जागा किती लांब आहे ते टेपने मोजून जा आणि जास्तीच्या पाइपचा मीटरचा भाव बिलाच्या मागे लिहून घ्या. जुनं मशीन काढायचं असेल तर एक्स्चेंजचा भाव सगळ्यात शेवटी विचारा, नव्याचा भाव पक्का झाल्यावर. आधी सांगितलं तर एका हाताने देतात आणि दुसऱ्या हाताने काढून घेतात. आणि कबाडीवाल्याला आधी विचारून ठेवा, कधी कधी तोच जास्त देतो.