रोज प्रेरणा शोधायची, की तिच्याशिवायच कामाला लागायचं?

(चौघांची चर्चा. प्रत्येकाच्या मजकुराच्या वर त्याचं टोपणनाव आहे.)

पहाटपाळी

रोज नेटाने काम करायला आणि ते उत्तम करायला प्रेरणा कुठून आणायची, असं विचारलं की ठरलेली उत्तरं येतात. ध्येय डोळ्यांसमोर ठेवा, भिंतीवर सुविचार लावा, यशस्वी लोकांची भाषणं ऐका. माझ्या मते ही शोधाशोधच बंद करावी. उत्साह कालच्या झोपेवर, कुणाच्या एका बोलण्यावर वर-खाली होतो. त्याच्या भरवशावर काम ठेवलं की नव्याचे नऊ दिवस संपतात आणि मग ये रे माझ्या मागल्या.

त्यापेक्षा आदल्या रात्री तीन गोष्टी ठरवा: कधी, कुठे आणि पहिली कृती कोणती. "उद्यापासून अभ्यास करीन" हा नुसता संकल्प झाला. "दात घासून झाले की खिडकीजवळच्या टेबलाशी बसून काल अडलेलं गणित कोऱ्या पानावर उतरवीन" ही योजना झाली. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलवित्झर यांनी "अमुक झालं की तमुक करीन" अशा धाटणीच्या योजनांवर बरीच वर्षं काम केलंय. त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी २००६ साली अशा ९४ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. नुसत्या इराद्यापेक्षा अशा योजनेने काम तडीस जाण्याचं प्रमाण चांगलंच वाढतं, असं त्यात दिसलं. निर्णय आधीच झालेला असल्याने ऐन वेळी मनाशी घासाघीस करावी लागत नाही.

पहिली कृती दोन मिनिटांत होणारी हवी. वाद्य बाहेर काढून सुरात लावणं, फाइल उघडून कालचा शेवटचा परिच्छेद वाचणं, बूट घालून दाराबाहेर पडणं. योजना फसते ती बहुतेक वेळा खूण, म्हणजे कशानंतर सुरू करायचं ते, ढोबळ असल्यामुळे. "संध्याकाळी" ही खूणच नव्हे. "घरी येऊन बॅग खुंटीला लावली की" ही खूण. दुसरं कारण म्हणजे एकाच वेळी चार-पाच योजना आखणं. एक रुळेपर्यंत दुसरी नको.

खडूफळा

सातत्यापुरतं पटतं. पण "उत्तम करायला" हेही तुम्हीच लिहिलंय, त्याचं काय? अंगवळणी पडलेली गोष्ट फारसं लक्ष न देता होते, आणि लक्ष न देता केलेलं काम आहे त्याच पातळीवर राहतं. वर्षानुवर्षं रोज टायपिंग करणाऱ्यांचा वेग एका टप्प्यावर थांबतो तो यामुळेच. काम भागतंय म्हटल्यावर बोटांना सुधारायचं कारण उरत नाही. ठरल्या वेळी बसूनही नुसत्या पाट्या टाकता येतात.

मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली बर्लिनमधल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांवरचा अभ्यास मांडला. नुसत्या घोटण्यापासून त्यांनी वेगळा काढलेला "नेमका सराव" ठरावीक उणिवेवर बेतलेला असतो, चूक लगेच कळेल अशी सोय त्यात असते आणि तो करताना सहसा मजा येत नाही. अगदी वरच्या पातळीवरचे लोकही दिवसाला साधारण चार तासांपलीकडे तो करू शकत नाहीत.

प्रत्यक्षात कसा करायचा? वाद्यावरचा एखादा तुकडा दर वेळी एकाच जागी अडखळतो. बहुतेक जण पुन्हा सुरुवातीपासून वाजवतात. त्यामुळे सुरुवात घोटून गुळगुळीत होते आणि अवघड जागा तशीच कच्ची राहते. आधी नेमके कोणते दोन स्वर जोडताना बोट चुकतंय ते शोधा. फक्त तेवढे दोन स्वर, मूळ लयीच्या निम्म्या गतीने. सलग पाच वेळा स्वच्छ आले की मागचा एक आणि पुढचा एक स्वर जोडा. मग मेट्रोनोमची (ठरावीक गतीने ठोके देणाऱ्या यंत्राची) गती मिनिटाला चार-चार ठोक्यांनी वाढवा, आणि दोनदा चुकलं की आठ ठोके खाली या. दहा-बारा मिनिटांत दुसऱ्या जागेकडे वळा, थोड्या वेळाने परत या. लगोलग शंभर वेळा घोटलेलं त्या वेळी येतं, दुसऱ्या दिवशी निसटतं.

हे कंटाळवाणं आहे आणि स्वतःचं उणं सतत समोर येत राहतं. खुर्चीत बसवायचं काम वेळापत्रक करेल. बसल्यावर सोपं बाजूला सारून अवघड उचलायचं, तर ते कशासाठी हे आतून माहीत असावं लागतं. तीच प्रेरणा, आणि तिला मोडीत काढून चालणार नाही.

मोजपट्टी

दोघांनी आधार दिलेत, म्हणून त्यांच्या मर्यादाही लिहितो. मॅकनमारा, हँब्रिक आणि ऑस्वाल्ड यांनी २०१४ साली नेमक्या सरावावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. माणसामाणसांतल्या कामगिरीच्या फरकापैकी सरावाने उलगडणारा हिस्सा बुद्धिबळासारख्या खेळांत २६ टक्के, संगीतात २१, मैदानी खेळांत १८ आणि शिक्षणात अवघा ४ टक्के निघाला. सराव महत्त्वाचा आहेच, पण "घोटलं की कुणीही अव्वल" हे त्यातून निघत नाही. दुसऱ्याशी तुलना करून स्वतःच्या मेहनतीला कमी लेखणाऱ्यांनी हे आकडे जरूर पाहावेत.

सवयीबद्दलही तेच. २१ दिवसांत सवय लागते ही समजूत सोडून द्या. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांना घेऊन केलेल्या अभ्यासात मधला आकडा ६६ दिवसांचा आला, आणि पसारा १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. ग्लासभर पाणी पिण्यासारखी साधी सवय लवकर रुळते, व्यायामाला जास्त वेळ लागतो. त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात फारसा फरक पडला नाही.

म्हणून "एकही खाडा नको" हा हट्ट मला घातक वाटतो. एक दिवस हुकतो, "आता काय, गेलंच" म्हणत माणूस आठवडा सोडून देतो. दुसरी चूक म्हणजे हुकलेलं भरून काढायला दुसऱ्या दिवशी दुप्पट करणं. अंग नाहीतर मन तिसऱ्या दिवशी संप करतं. आधीपासून दोन मात्रा ठरवून ठेवा: पूर्ण ६० मिनिटांची आणि किमान १० मिनिटांची. कॅलेंडरवर दोन्हींची खूण वेगळी करा. महिन्यात किमान मात्रेच्या खुणा निम्म्याहून जास्त दिसल्या तर आळसाला दोष देऊ नका. पूर्ण मात्रा अवास्तव ठरवली गेलीय, ती ४० मिनिटांवर आणा.

पहाटपाळी

दोन मात्रांचं मान्य. खडूफळा यांचा क्रम मात्र मला उलटा वाटतो. आधी कारण, मग काम, असं होत नाही. आधी हात चालतात, मन मागून येतं. नैराश्यावरच्या एका उपचारपद्धतीत नेमकं हेच करतात: वाटण्याची वाट न बघता छोट्या कृती वेळापत्रकात मांडायच्या आणि केल्यानंतर मनःस्थितीची नोंद करायची.

आणि ध्येय डोळ्यांसमोर ठेवण्याबद्दल. गॅब्रिएल ओटिंगेन यांच्या संशोधनात यशाची गोड स्वप्नं रंगवणाऱ्यांची ताकद उलट कमी झालेली दिसली, कारण मनाने ते यश आधीच उपभोगलेलं असतं. इच्छेसोबत लगेच आपल्यातला अडथळा लिहिला तर उपयोग होतो. "पहिलं अवघड वाक्य आलं की मी फोन उचलतो" हा अडथळा कळला की फोन दुसऱ्या खोलीत ठेवायची योजना करता येते.

खडूफळा

स्वप्नरंजन आणि कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टेरेसा अमाबिले यांनी २३८ कर्मचाऱ्यांच्या रोजनिशीतल्या सुमारे १२,००० नोंदी तपासल्या. लोकांचे सर्वांत उत्साही दिवस जुळले ते कामात थोडं तरी पुढे सरकण्याशी, पण ते काम त्यांना अर्थपूर्ण वाटत असेल तर. निरर्थक कामाचे तुकडे पाडून रोज एक संपवला, तर नुसता गठ्ठा कमी होतो.

ज्यांना कारण सापडत नाही ते बक्षिसाकडे वळतात: अर्धा तास वाचलं की अर्धा तास मोबाइल. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा १९७३ चा प्रयोग इथे आठवावा. चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या मुलांना प्रमाणपत्राचं आमिष दाखवलं, तर पुढे मोकळ्या वेळात ती आपणहून कमी चित्रं काढू लागली. कंटाळवाण्या कामाला बक्षीस चालेल, आवडीच्या कामाला लावू नये.

कारण मोठं असायची गरज नाही, नेमकं हवं. "उत्तम अनुवादक व्हायचंय" हे अवघड दिवशी कामाला येत नाही. "या पानावर वाचक कुठे अडखळेल ते शोधायचंय" हे येतं.

दमसास

माणूस धडधाकट आहे असं गृहीत धरून सगळी चर्चा चाललीय. "इच्छाशक्ती वापरून संपते" ही १९९८ पासून गाजलेली कल्पना २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून पुन्हा तपासली, तेव्हा परिणाम जवळपास शून्य आला. त्यामुळे दुपारी चारला "माझी ताकद संपली" म्हणण्याआधी काल किती झोपलात ते पाहा. अपुऱ्या झोपेने लक्ष आणि चुका ओळखण्याची क्षमता दोन्ही घसरतात, आणि खडूफळा म्हणतात तो सराव या दोन्हींवरच उभा आहे. अशा दिवशी अवघड जागा घोटू नका, चुकीचंच पक्कं होईल. किमान मात्रा करून उठा.

आणि हे महत्त्वाचं: दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, आवडत्या गोष्टींतही रस उरला नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर योजना, कारण, कॅलेंडर सगळं बाजूला ठेवून डॉक्टरांना भेटा.

पहाटपाळी

कारण लिहून ठेवायला माझी हरकत नाही, रोज सकाळी ते तपासायला आहे. "मी हे का करतोय" असं रोज विचारलं की दोन-चार दिवसांनी "राहू दे" असं उत्तर येतंच. आठवड्यातून एकदा, काम झाल्यावर तपासा. सुरू करायच्या आधी कधीच नको.

खडूफळा

आठवड्याचं चालेल. पण चुका रोज लिहा. वहीत दोनच रकाने: कुठे अडलं, आणि उद्या त्यावर पहिलं काय करून बघायचं. दुसरा रकाना म्हणजेच तुमची उद्याची पहिली कृती. शिकवणारं कुणी जवळ नसेल तर रेकॉर्ड करा किंवा लिहिलेलं तसंच ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी तपासा. करताना लक्ष हातात अडकलेलं असतं आणि लगेच ऐकलं तर मनातलं बरोबर रूपच ऐकू येतं. एका रात्रीच्या अंतराने तेच रेकॉर्डिंग लावलं की कुठे लय पळाली ते चटकन कळतं.