मदत हवी आहे: फरशीवरचे पांढरे डाग जाईनात

शेंगाचटणी: अर्जंट आहे. जुळे सोलापुरात घर घेतलंय, हॉलच्या फरशीवर पांढरट डाग पडलेत. साबण, सोडा, लिंबू, सगळं झालं. उलट वाढतायत. रविवारी वास्तुशांत आहे. कोणतं लिक्विड आणू?

कडक_भाकरी: फरशी कसली ते लिहा की ओ. शहाबादी? कोटा? ग्रॅनाइट?

शेंगाचटणी: दगडाची. करडी-निळसर.

होटगी_रोड: काढून टाका, व्हिट्रिफाइड टाइल्स बसवा. आमच्याकडे चार वर्षं कटकट नाही.

कडक_भाकरी: रविवारी वास्तुशांत आहे आणि तुम्ही फरशी उखडताय! शेंगाचटणी, डागांच्या आधी वर काय ओतलं होतं?

शेंगाचटणी: काही नाही. म्हणजे गवंड्याने सिमेंट काढायला अ‍ॅसिड मारलं होतं, पण ते सगळेच मारतात.

खडकवेडा: झालं! शहाबादी म्हणजे चुनखडक, कॅल्शियम कार्बोनेट. अ‍ॅसिड पडलं की फसफसतो, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पॉलिशचा थर विरघळतो. तो डाग नाहीच, दगडच खाल्ला गेलाय. लिंबू चोळून तुम्ही त्यात भर घातलीत.

डाळिंबवाला: आमच्या शेतात चुनखडी निघते तीच का ही? डाळिंबाची पानं पिवळी पडतात, लोह लागूच होत नाही. काय सोडावं?

खडकवेडा: रसायन तेच, जन्म वेगळा. तुमची चुनखडी मातीत, पाणी सुकता सुकता तयार होते. शहाबादचा दगड जुन्या उथळ समुद्राच्या तळाशी बसलेला गाळ. थरावर थर, म्हणून तर फरश्या सपाट सुटतात. आपल्या सोलापूरखालचा काळा दगड सुमारे ६.६ कोटी वर्षांचा, हा त्याच्याही कितीतरी आधीचा.

मीच_तो: समुद्रातला म्हणजे शंखशिंपल्यांचा चुरा. शाळेत शिकलोय.

खडकवेडा: पुष्कळ चुनखडकांचं ते खरं. हा मात्र शिंपलेवाले प्राणी यायच्या आधीचा, बारीक चुन्याचा चिखल. शिंपला सापडला तर चहा माझ्याकडून.

मोहोळकर: बोअरचं पाणी जड असेल तर गीझरच्या कॉइलला व्हिनेगर लावा. मस्त निघतं.

शेंगाचटणी: गीझरचं कोण विचारतंय? रविवारचं सांगा!

कडक_भाकरी: लिक्विड आणू नका, पॉलिशवाला बोलवा. दगड मऊ असतो, चाकूनेही ओरखडा उठतो, त्यामुळे मशीनने घासला की एका दिवसात हॉल होतो. पुढे नुसतं पाणी, फार तर सौम्य साबण. आणि पूजेच्या वेळी पंचामृत ताटातच राहू द्या.

शेंगाचटणी: दहीसुद्धा??

खडकवेडा: दहीसुद्धा. सांडलं तर लगेच पुसा.

डाळिंबवाला: माझ्या डाळिंबाचं राहिलंच.