घावण्यांसाठी बिडाचा तवा ऑनलाइन कुठला घ्यावा? (इंडक्शनवाल्यांनी जरूर सांगा)

मंडळी, मदत हवी आहे.

आमचा बिडाचा तवा गेल्या महिन्यात ओट्यावरून पडला आणि सरळ दोन तुकडे झाले. बीड असं फुटतं हे ऐकून होते, पाहिलं पहिल्यांदाच. आईने कुडाळहून दिलेला, वीसेक वर्षं वापरून काळाकुळकुळीत झालेला. घावणे असोत की आंबोळ्या, उलथनं नुसतं लावलं की सुटायचे.

नवा ऑनलाइन मागवला. ४.४ तारे, हजारावर अभिप्राय. आला तो मध्ये फुगीर! पीठ घातलं की कडेला पळतं आणि इंडक्शनच्या काचेवर तवा भोवऱ्यासारखा फिरतो. परत केला. मग शांतपणे बसून अभिप्राय वाचले (आधी वाचायचे असतात, कळतंय). निम्म्यांत 'डिलिव्हरी वेळेवर', 'पॅकिंग छान'. काही तर चक्क कढईचे. एकाच पानावर तवा, कढई, आप्पेपात्र, सगळ्यांचे तारे एकत्र मोजलेले. बाकीच्यांनी 'मस्त' लिहिलंय ते खोक्यातून काढल्या काढल्या. बिडाचा गुण महिन्याभराने कळतो, तेव्हा परत जाऊन कोण लिहितं?

म्हणून इथे विचारते. निदान सहा महिने वापरलाय, त्यावर घावणे केलेत आणि इंडक्शनवर केलेत, असं कुणी आहे का? भाड्याच्या घरात गॅस नाही. मला १२ इंची हवाय. बजेट दोन हजारांपर्यंत.

प्रतिसाद १
१२ इंची का? तुमच्या शेगडीचं कॉइल किती इंची आहे ते आधी बघा. घरगुती इंडक्शनचं साधारण ७-८ इंचाचं असतं. बीड उष्णता धरून ठेवतं, पण पसरवतं हळू. म्हणजे घावण मध्ये करपणार, कडेला पांढरं राहणार, जाळी फक्त मधल्या वाटीएवढ्या भागात. मी हे दीड वर्ष सोसलं, दोष तव्याला देत होतो. १० इंची आणल्यावर प्रश्न मिटला.
आणि तवा एकदम मोठ्या आचेवर ठेवू नका. पाच-सात मिनिटं मंद, मग वाढवा.

प्रतिसाद २
मी अमेरिकेत आहे. इथे लॉजचा साडेदहा इंची सपाट तवा वापरते (टेनेसीतली १८९६ पासूनची कंपनी). तळ सपाट, कडा अगदी बुटकी, उलथनं आडवं घालता येतं. पृष्ठभाग मात्र खरखरीत, पहिले आठ-दहा घावणे रडवतात. भारतात आयात केलेला महाग पडेल, पण घेताना आकार तसाच शोधा.

प्रतिसाद ३
तारे बघूच नका. 'सर्वात नवे' लावा, दोन आणि तीन ताऱ्यांचे वाचा, ग्राहकांनी टाकलेले फोटो बघा. तव्यावर पट्टी आडवी ठेवलेला फोटो एखाद्या शहाण्याने टाकलेला असतोच. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक आणलं, पण ते ऐच्छिक ठेवलं.

प्रतिसाद ४
कुठलाही घ्या, 'प्री-सीझन्ड' (कारखान्यातच तेल मुरवलेला) लिहिलंय म्हणून लगेच पीठ ओतू नका. धुऊन, आचेवर खडखडीत वाळवून तेलाचा अगदी पातळ हात द्या, धूर येईपर्यंत तापवा, गार करा. असं चार-पाचदा. तेल जास्त झालं तर चिकट थर बसतो. मग अर्धा कांदा तेलात बुडवून घासा. चिंच-टोमॅटोचं काही त्यावर नको, सगळी मेहनत उतरते. आमच्याकडे चपातीलाही तो तवा देत नाहीत.

धागाकर्ती
कॉइल मोजलं, साडेसात इंच! म्हणजे १२ इंचाचा हट्ट सोडला. प्रतिसाद १, तुमचा तवा मशीनने घासलेला गुळगुळीत आहे की ओतीव खरखरीत? आणि वजन किती, ते प्लीज सांगा. माझ्या मनगटाचं दुखणं जुनं आहे, दोन किलोच्या पुढचा एका हाताने उचलवत नाही आणि काचेवरून ओढायचा तर चरे पडतात.

आईला विचारलं तर ती म्हणाली, "पुढच्या खेपेला येशील तेव्हा बाजारातून भिडं घेऊन जा." कोकणातलं भिडं (तिकडचा बिडाचा तवा) कुणी इंडक्शनवर ठेवून पाहिलंय का? तळ सपाट मिळतो?